एक्झिक्युटिव्ह ऑर्डर म्हणजे अध्यादेश का?

मुद्रितशोधक : अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एक्झिक्युटिव्ह ऑर्डरवर सही केली की मराठी बातम्यांत कधी 'अध्यादेश' येतं, कधी 'वटहुकूम', कधी 'कार्यकारी आदेश'. एकाच कागदाला तीन नावं. यातलं कुठलं ठेवायचं?

कलमकसाई : पहिली दोन बाद. अध्यादेश काय, वटहुकूम काय, आपल्या राज्यघटनेच्या १२३ आणि २१३ या कलमांना बांधलेले शब्द आहेत. अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपती किंवा राज्यपाल काढतात तो अध्यादेश. त्याला कायद्याचंच बळ असतं. मात्र अधिवेशन भरलं की तो सभागृहापुढे ठेवावा लागतो, आणि तिथून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप गळतो.

अमेरिकेत यातलं काहीच नाही. काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, भरलेली असो वा नसो, आदेश निघतो. तो मंजुरीला ठेवावा लागत नाही आणि सहसा कुणी रद्द करेपर्यंत टिकतो. पण त्यानं नवा कायदा करता येत नाही. राज्यघटनेनं किंवा काँग्रेसच्या एखाद्या कायद्यानं जो अधिकार आधीच दिलाय, तो कसा वापरायचा हे मुख्यतः सरकारी खात्यांना सांगायचं. कोरियन युद्ध चालू असताना, एप्रिल १९५२ मध्ये, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १०३४० क्रमांकाच्या आदेशानं पोलाद कारखाने ताब्यात घ्यायला लावले. २ जूनला सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी तो उडवला : हे कायदा करणं झालं, आणि ते काम काँग्रेसचं. अध्यादेशाबाबत हा आक्षेप घेताच येत नाही, कारण अध्यादेश हा तात्पुरता कायदाच असतो.

रानजाई : मग आपला जीआर जवळचा. शासन निर्णयही विधिमंडळाकडे जात नाही, खात्यांनाच उद्देशून असतो आणि पुढच्या सरकारला फिरवता येतो.

कलमकसाई : जवळचा खरा, पण खालची सही बघा. जीआरच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं छापतात आणि सही असते उपसचिवांची किंवा कक्ष अधिकाऱ्याची. तिकडचा आदेश उघडतो तोच 'राज्यघटनेने व कायद्यांनी मला दिलेल्या अधिकारान्वये' असा. तो 'मला' महत्त्वाचा. मसुदा नेहमीच्या रीतीनं गेला तर आधी अर्थसंकल्पाचं काम बघणाऱ्या कार्यालयाकडे, मग कायदेशीर बाजू तपासायला न्याय खात्याकडे, मग फेडरल रजिस्टरच्या, म्हणजे तिथल्या राजपत्राच्या, कचेरीत आणि शेवटी सहीला. क्रमांक सहीनंतर पडतो.

शेपूट मात्र अगदी जीआरच्या वळणाचं. अंमलबजावणी निधीच्या उपलब्धतेच्या अधीन राहील, आणि या आदेशामुळे कुणालाही कोर्टात मागता येईल असा हक्क निर्माण होत नाही. भाषांतर करणारे नेमकी हीच कलमं गाळतात आणि 'अमुक कोटी मिळणार' असा मथळा देऊन मोकळे होतात. निधी मंजूर करणं काँग्रेसच्या हातात आहे.

सातासमुद्रापार : इथे अमेरिकेतल्या मराठी घरांत ज्यावरून झोप उडाली होती, तो एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठीच्या १ लाख डॉलर शुल्काचा कागद (१९ सप्टेंबर २०२५) मुळात एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नव्हताच. ते प्रोक्लमेशन होतं, १२ महिन्यांच्या मुदतीचं. आणि एच-४ वाल्यांची (एच-१बीवाल्यांच्या जोडीदारांची) कामाची परवानगी २०१५ मध्ये आली ती खात्याच्या नियमातून. तो नियम मागे घ्यायचा तर साधारणपणे आधी प्रस्ताव छापायचा, हरकती मागवायच्या, मग नवा नियम. राष्ट्राध्यक्षांच्या एका सहीनं तो जात नाही. म्हणून कागद कुठला, हे आधी बघावं.

रानजाई : प्रोक्लमेशनला 'जाहीरनामा' चालेल?

कलमकसाई : १८५८ चा 'राणीचा जाहीरनामा' म्हणजे प्रोक्लमेशनच होतं. पण आता जाहीरनामा म्हटलं की निवडणूक आठवते. 'उद्घोषणा' घ्या, आणीबाणीच्या संदर्भात आपल्या राज्यघटनेच्या मराठी पाठात तोच आहे.

मुद्रितशोधक : आणि सेक्रेटरी? सचिव की मंत्री?

कलमकसाई : मंत्री. सचिव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आयएएस अधिकारी येतो. फक्त मंत्री म्हणजे खासदार, हे आपलं गृहीतक तिथे उलटं पडतं. काँग्रेसचं सदस्यत्व ठेवून मंत्री होताच येत नाही. परराष्ट्रमंत्री होताना मार्को रुबियो यांनी सिनेटची जागा सोडली, ती याच नियमामुळे. अ‍ॅटर्नी जनरलला मात्र आपलं 'महान्यायवादी' लावू नका. आपले महान्यायवादी सरकारचे वकील, तिकडचे अख्खं न्याय खातं चालवतात. एफबीआय त्याच खात्यात येते. सरळ 'न्याय खात्याचे प्रमुख' लिहा.

मुद्रितशोधक : म्हणजे मूळ प्रश्नाला 'कार्यकारी आदेश' पक्कं?

रानजाई : त्यालाही माझा नकार. कार्यकारी अभियंता, कार्यकारी संपादक, कार्यकारी अध्यक्ष एवढ्यांत आपला 'कार्यकारी' संपतो. आदेशाला तो लावला की वाचकाला वाटतं, कुणी हंगामी माणसानं काढलाय.

कलमकसाई : हे पटलं. 'राष्ट्राध्यक्षांचा आदेश' लिहा आणि क्रमांक द्या. मथळ्यात जागा नसेल तर नुसतं 'आदेश', पण अध्यादेश नको.