उत्तर: बीसीएस घातल्यावर एफईटी३ का वाढतं?

यीस्टमध्ये तांबं बांधायला बीसीएस हे रसायन घातल्यावर एफईटी३ हे लोहाचं जनुक जास्त चालू झालं, म्हणून मॅक१ (तांबं कमी पडलं की तांब्याची जनुकं चालू करणारा नियंत्रक) लोहाची जनुकंही चालवतो, हा निष्कर्ष पटत नाही. या जनुकाचं फेट३ हे लोह आत घ्यायला लागणारं प्रथिन स्वतःच तांब्यावर चालतं, त्याच्या एका रेणूत तांब्याचे 4 अणू लागतात. तांबं कमी पडलं की लोह आत येणं मंदावतं, आणि मग एएफटी१ (एफईटी३सारखी लोहाची जनुकं चालू करणारा नियंत्रक) जागा होतो. तोही सुटं लोह मोजत नाही, मायटोकाँड्रियात लोह-गंधक गुच्छ नीट बनतायत का, त्यावर चालतो.

खात्री करायची तर बीसीएस तसंच ठेवून वरून भरपूर फेरस लोह द्या. फेट४ हा दुसरा वाहक ते तांब्याविना आत घेतो. एफईटी३ उतरलं आणि सीटीआर१ (तांबं आत नेणाऱ्या वाहकाचं, मॅक१च्या हातातलं जनुक) चढलेलंच राहिलं, तर प्रकरण मिटलं: एफईटी३ वाढवणारा मॅक१ नव्हे, एएफटी१. खूण म्हणून एफआरई१ हे जनुक मात्र नको, त्याच्यावर मॅक१ आणि एएफटी१ दोघांचाही हात असतो.