मदत हवी आहे: ड्रायव्हर म्हणतो माऊस बसला, पण जुन्या खेळात बाण जागचा हलत नाही

नमस्कार मंडळी,

माळ्यावरचा ४८६ (त्या प्रोसेसरचा जुना संगणक) खाली काढून पुन्हा चालू केलाय. डॉस ६.२२ (आज्ञा टाइप करून चालवायची जुनी प्रणाली), ८ एमबी मेमरी. हार्ड डिस्क, फ्लॉपी, मॉनिटर, कीबोर्ड सगळं ठीक आहे. फक्त माऊस गेला. मूळचा सिरियल माऊस होता. त्याची वायर माऊसच्या तोंडाशीच तुटली आहे आणि आतल्या तारा हात लावला की गळून पडतात.

या डिस्कवर १९९२ च्या एका रणनीतीच्या खेळाचे आमचे सेव्ह आहेत, माझे आणि दादाचे. दोन आठवड्यांनी दादा येतोय. त्याने अर्धवट सोडलेली शेवटची मोहीम त्याला याच मशीनवर, याच मॉनिटरसमोर बसून पुढे खेळता यावी अशी माझी फार इच्छा आहे. म्हणून आधीच सांगते, डॉसबॉक्समध्ये (आजच्या संगणकावर डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) हा खेळ चालतो, तिथे माऊसही चालतो. सेव्हच्या फायलींची प्रतही काढून ठेवली आहे. मला उपाय हवाय तो खऱ्या मशीनवरचा.

मशीनला पीएस/२ पोर्ट नाही. मागे दोन सिरियल पोर्ट आहेत, ९ पिनांचा कॉम १ आणि २५ पिनांचा कॉम २. माझ्याकडे गोल पीएस/२ पिनचा एक ऑप्टिकल माऊस पडून होता. त्याला 'गोल ते ९ पिन' असा छोटा जोड लावून कॉम १ ला जोडला. आतापर्यंत काय काय केलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे तेच तेच विचारायला नको.

डिस्कवर आधीपासून असलेला मायक्रोसॉफ्टचा माऊस डॉट कॉम हा ड्रायव्हर (माऊस वापरता यावा म्हणून लागणारा प्रोग्राम) चालवला. माऊस सापडला नाही असं सांगून तो बंद झाला. मग फ्रीडॉसबरोबर येणारा क्यूटमाऊस, म्हणजे सीटीमाऊस, फ्लॉपीवर घालून आणला. तो मात्र सरळ सांगतो की माऊस कॉम १ वर बसवला आहे, पत्ता ०३एफ८, आयआरक्यू ४ (ज्यावरून पोर्ट प्रोसेसरला हाक मारतो ती ओळ), माऊस सिस्टिम्स मोड. ते वाचून मला इतका आनंद झाला की लगेच खेळ सुरू केला. बाण आला, पडद्याच्या बरोबर मध्यावर. पण हलत नाही. बटणं दाबली तरी काही होत नाही. डॉसचा एडिट उघडून पाहिला, तिथेही तेच.

खेळात गडबड असेल असं वाटून डॉसच्या डीबग प्रोग्राममधून इंटरप्ट ३३ चं (खेळ माऊसच्या ड्रायव्हरशी बोलतात ती सोय) ० नंबरचं फंक्शन हाताने बोलावून पाहिलं. प्रोसेसरच्या एएक्स या रजिस्टरमध्ये एफएफएफएफ, म्हणजे 'आहे' असं उत्तर, परत आलं. म्हणजे ड्रायव्हर जागेवर आहे आणि खेळाला उत्तरही देतोय. मग हालचाल जाते कुठे? केबल दोनदा काढून घातली, मशीन बंद करून. बायोसमध्ये दोन्ही पोर्ट चालू आहेत. एक ड्रायव्हर माऊस नाही म्हणतो, दुसरा आहे म्हणतो. खरं कोणाचं मानायचं?

ज्यांच्या हाताखालून अशी मशीन गेली आहेत त्यांनी कृपया सांगा. इतकं जवळ येऊन थांबायला लागलंय.

प्रतिसाद १

माऊस डॉट कॉमचं खरं माना.

आधी एक गोष्ट बघून सांगा. माऊस उलटा धरल्यावर खालचा लाल दिवा लागलाय का? मला वाटतं लागलेला नसणार.

कारण असं. मायक्रोसॉफ्ट पद्धतीचा सिरियल माऊस स्वतःची ओळख देतो. ड्रायव्हर पोर्टची आरटीएस ही तार खाली-वर करतो, आणि माऊस उत्तरादाखल 'एम' हे एक अक्षर पाठवतो. ते आलं नाही की माऊस डॉट कॉम सांगतो, कोणी नाही. माऊस सिस्टिम्स ही दुसरी जुनी पद्धत. त्या माऊसना अशी ओळख देताच येत नाही. त्यामुळे सीटीमाऊसला ओळख सांगणारा कोणी सापडला नाही, पण पोर्ट मात्र सापडला, तर तो गृहीत धरतो की तिथे माऊस सिस्टिम्सचा माऊस असणार, आणि तसं बसवल्याचा निरोप देतो. पोर्टला काहीही न जोडता चालवून बघा, तोच निरोप येईल. माऊस सिस्टिम्सचा हा शोध बंद करायला सीटीमाऊसला /वाय हा पर्याय आहे. तो देऊन चालवलात की दोन्ही ड्रायव्हर एकच सांगतील.

डीबगमधल्या एफएफएफएफचंही तसंच. ते उत्तर ड्रायव्हर देतो, माऊस नाही. मेमरीत ड्रायव्हर बसलाय एवढंच त्यातून कळतं.

आता तुमचा जोड. त्या डबीत काहीच नसतं, फक्त या पिनची तार त्या पिनला. पीएस/२ माऊसला ५ व्होल्ट लागतात आणि तो घड्याळाच्या वेगळ्या तारेच्या तालावर बोलतो. सिरियल पोर्टवर ती घड्याळाची तार नसते, तिथल्या व्होल्टेजच्या पातळ्या वेगळ्या, आणि सिग्नलच्या तारांतून माऊसला जेमतेम काही मिलिअँपिअर मिळतात. चेंडूच्या जुन्या माऊसचं तेवढ्यात भागायचं, ऑप्टिकलचं भागत नाही. असा जोड फक्त दोन्ही भाषा येणाऱ्या माऊसबरोबर चालतो, आणि तो जोड बहुधा त्या माऊसच्या खोक्यातच यायचा. तुम्हाला खरा सिरियल माऊस शोधावा लागेल, नाहीतर आत मायक्रोकंट्रोलर असलेला कन्व्हर्टर, जो पीएस/२ चं सिरियलमध्ये खरोखर भाषांतर करतो.

सिरियल माऊस मिळाला तर त्याच्या पोटावर एमएस (मायक्रोसॉफ्ट) आणि पीसी (माऊस सिस्टिम्स) असं सरकतं बटण आहे का बघा. असेल तर एमएस बाजूला ठेवा.

प्रतिसाद २

वरच्या उत्तराला जोडून एक. मशीनमध्ये आत मोडेमचं कार्ड आहे का? ते कॉम ३ वर असेल तर नेहमीच्या मांडणीत कॉम १ आणि कॉम ३ दोघांनाही आयआरक्यू ४ च मिळतो. मग माऊस आधी चालतो आणि मोडेम जागा झाला की गोठतो. तुमचं दुखणं ते वाटत नाही, पण नवा माऊस आल्यावर तसं झालं तर आधी ते कार्ड काढून बघा.

प्रतिसाद ३

धाग्यात मध्येच शिरतोय, माफ करा. माझी अडचण डॉसबॉक्समधली आहे. कॉन्फिग फाइलमध्ये शेवटी माऊस डॉट कॉमची ओळ घातली आहे, तरी बाण कधी खिडकीत अडकतो, कधी खेळात येतच नाही. आणि आला की एवढा पळतो की निशाणा साधत नाही.

प्रतिसाद १ कडून, प्रतिसाद ३ ला

ती ओळ काढून टाका. डॉसबॉक्समध्ये इंटरप्ट ३३ ची सोय आतच आहे, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. खिडकीवर एकदा क्लिक केलं की माऊस खेळाच्या ताब्यात जातो. बाहेर यायला कंट्रोल आणि एफ१० एकत्र दाबा, पुन्हा दाबलं की आत. वेगासाठी कॉन्फिगच्या एसडीएल विभागात सेन्सिटिव्हिटी १०० असते, ती ५० करून सुरुवात करा. हल्लीचे माऊस इंचामागे जुन्यांच्या कितीतरी पट मोजण्या पाठवतात, म्हणून बाण पळतो.

खेळ १९९३ चा डूम असेल तर आणखी एक. त्यात माऊस पुढे ढकलला की माणूस पुढे चालतो. ते बिघडलेलं नाही, खेळ तसाच बांधलाय. नको असेल तर नोव्हर्ट नावाचा छोटा प्रोग्राम आधी चालवा, तो उभी हालचाल खेळापर्यंत पोचू देत नाही.

प्रतिसाद ४

विंडोज ९८ वाल्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहून ठेवतो, कारण मी यात एक अख्खी रात्र घालवली आहे. विंडोजच्या आत डॉसचा खेळ उघडला तर माऊस आपोआप चालतो, कारण तिथे विंडोजच ड्रायव्हरचं काम करतं. 'एमएस-डॉस मोडमध्ये रीस्टार्ट' केलं की विंडोज मेमरीतून जातं आणि त्याच्याबरोबर ती सोयही. त्या मोडमध्ये जाताना विंडोजच्या फोल्डरमधली डॉसस्टार्ट डॉट बॅट ही फाइल चालते. सीटीमाऊसची ओळ तिथे टाका. ऑटोएक्झेकमध्ये (मशीन सुरू होताना आपोआप चालणारी फाइल) टाकली तर विंडोज चालू असतानाही तो उगाच मेमरीत बसून राहतो.

धागाकर्ती

प्रतिसाद १, तुम्ही म्हणालात तसंच. दिवा बंद होता! आणि काहीही न जोडता सीटीमाऊस चालवला तरी तोच निरोप आला. कॉम २ ला मी हातही लावला नव्हता आणि एका निरोपाच्या भरवशावर तीन संध्याकाळी गेल्या.

माऊसही मिळाला. ओळखीच्या एका काकांनी त्यांच्या जुन्या सामानातून चेंडूवाला, तीन बटणांचा सिरियल माऊस काढून दिला. पोटावर खरंच एमएस आणि पीसीचं बटण होतं, आणि ते पीसीवर होतं. एमएसवर सरकवलं आणि माऊस डॉट कॉमने पहिल्या फटक्यात ओळखला. एडिटमध्ये बाण फिरतो, मेनू उघडतात. हे बघून मी किती वेळ नुसता बाणच फिरवत बसले होते.

पण आता खेळ म्हणतो मेमरी पुरत नाही. मेम /सी (कोण किती मेमरी घेतं ते दाखवणारी आज्ञा) करून पाहिलं तर माऊस डॉट कॉमने १७ के घेतलेत, तेही खालच्या ६४० के मधले, जिथे डॉसचे प्रोग्राम चालतात. ड्रायव्हर काढला तर खेळ सुरू होतो, पण माऊसशिवाय. दुसरं म्हणजे, एडिटमध्ये बाण आडवा छान जातो, उभा मात्र अडखळतो. जरा वर जातो, थांबतो, मग एकदम उडी मारतो. मिकी (माऊसची हालचाल मोजायचं एकक) आणि पिक्सेलचं आडवं-उभं प्रमाण वेगळं असतं असं वाचलं, ते ड्रायव्हरमध्ये बदलायचं का?

प्रतिसाद १

आता माऊस ओळख देतोय, तेव्हा माऊस डॉट कॉम सोडा आणि सीटीमाऊसवर या. तो तीन-साडेतीन के मध्ये बसतो. ओळीत /एस१ द्या, म्हणजे तो कॉम १ वरच शोधेल, आणि सोबत /वाय, म्हणजे पुन्हा खोटा निरोप नको.

शिवाय ओळीच्या आधी एलएच लावा, म्हणजे ड्रायव्हर ६४० के च्या वरच्या मेमरीत चढेल. त्यासाठी कॉन्फिग डॉट सिसमध्ये आधी हायमेम, मग ईएमएम३८६ नोईएमएससह (हे दोन्ही मेमरीचे ड्रायव्हर), आणि डॉस=हाय,यूएमबी ही ओळ हवी. खेळाला ईएमएस (वाढीव मेमरी वापरायची एक जुनी पद्धत) मेमरी लागत असेल तर नोईएमएसच्या जागी रॅम लिहा. चढला की नाही ते मेम /सी मध्ये वरच्या मेमरीच्या रकान्यात दिसेल. नुसतं एलएच लिहिलं आणि वर जागा नसली तर तो मुकाट्याने खालीच बसतो, म्हणून बघाच.

उभ्या हालचालीसाठी प्रमाणाला हात लावू नका. मूळ मांडणीत आडवं सरकायला ८ पिक्सेलमागे ८ मिकी लागतात आणि उभं सरकायला १६. त्यामुळे उभा वेग कमी वाटू शकतो, पण तो सगळीकडे सारखाच कमी असतो. थांबणं आणि मग उडी मारणं हे प्रमाणाचं लक्षण नाही. ते रोलरवरच्या मळाचं लक्षण आहे. खालची गोल चकती फिरवून चेंडू काढा. आत तीन रोलर दिसतील. एक आडव्यासाठी, एक उभ्यासाठी, तिसरा नुसता स्प्रिंगवरचा, चेंडू दाबून धरायला. मळाचं कडं रोलरच्या बरोबर मध्यावर बसतं. लाकडी टूथपिकने खरवडा, सुरी नको. चेंडू साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

आणि एक अपेक्षा आत्ताच ठेवा. सिरियल माऊस सेकंदाला १२०० बिट पाठवतो. एका हालचालीचा निरोप ३ बाइटचा, प्रत्येक बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून ९ बिट, म्हणजे २७. सेकंदाला ४४ च्या वर निरोप येऊच शकत नाहीत. साध्या यूएसबी माऊसचे १२५ येतात. बाण थोडा तुटक वाटला तर ते तसंच असायचं, काही बिघडलंय असं समजू नका.

धागाकर्ती

उभ्या रोलरवर करड्या नमद्यासारखं कडं होतं, एका बाजूने उकललं आणि अखंड सुटून आलं. आडव्यावर जवळजवळ काहीच नव्हतं. चेंडू रात्रभर वाळवला.

ऑटोएक्झेकमध्ये आता एकच ओळ आहे, एलएच सीटीमाऊस /एस१ /वाय. मेम /सी मध्ये तो वर दिसतो, खाली त्याचं काही नाही. निरोपही बदलला. कॉम १, मायक्रोसॉफ्ट मोड.

खेळ सुरू झाला. सेव्हच्या यादीत सगळ्यात खाली दादाने आपल्या नावाने ठेवलेला होता. उघडला, नकाशा आला. बाण त्याच्या तळाच्या कोपऱ्यातून वरच्या टोकापर्यंत नेला, मध्ये कुठे अडकला नाही. एका रणगाड्यावर क्लिक केलं, त्याच्याभोवती चौकट आली. मग काही न हलवता बाहेर पडले. पुढची चाल त्याची आहे.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. त्या 'गोल ते ९ पिन' जोडावर चिठ्ठी चिकटवली आहे: फक्त दोन्ही भाषा येणाऱ्या माऊससाठी.