लातूरच्या भाचीला पहिला मेकअप सेट: काय न्यावं?

प्रेषक: लातूरकर (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

एप्रिलअखेर लातूरला जायलेय. भावाच्या मुलीला जूनमध्ये तेरा पूर्ण होतील. परवा फोनवर वहिनी आत गेल्याचं बघून ती हळूच म्हणाली, "आत्या, मला मेकअपचं काही आणशील का? खेळण्यातलं नको, खरं."

वहिनीला मी त्याच दिवशी सांगितलं. तिच्या पाठीमागं मुलीला काही द्यायचं नाही. तिची हरकत नाही, अट एवढीच की शाळेत आणि ट्यूशनला लावून जायचं नाही. आईचं म्हणणं, "लेकराच्या तोंडाला आत्तापासून काय रंग फासता?" भाऊ गप्प आहे.

इथं दुकानात मोठा डबा मिळतो. आयशॅडोचे ढीगभर रंग, ब्लश, लिपग्लॉस, ब्रश, आरसा, सगळं एकात. दिसायला भारी. पण असला डबा खरंच चांगला असतो का? पोरगी सावळी आहे, आमच्या घरात सगळेच सावळे. इथले रंग तिला शोभतील का? ज्यांच्या घरी या वयाच्या मुली आहेत किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरूर लिहा.

लातूरकर

प्रेषक: जालनेकर

ताई, डबा घेऊ नका. आमच्या मुलीला असाच एक भेट आला होता. त्यातले दोन गुलाबी रंग तिनं वापरले, बाकीचे तसेच पडून राहिले, आणि ब्रश गालाला टोचायचे. डब्याची किंमत आरशाची आणि झाकणाची असते, आतल्या मालाची फार थोडी.

दुसरं म्हणजे पावडर. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-प्रसाधनांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) किशोरवयीन मुलींना विकल्या जाणाऱ्या काही आयशॅडो आणि कॉम्पॅक्टमध्ये (चेहऱ्याच्या दाबलेल्या पावडरीत) ॲस्बेस्टॉस हे कर्करोग करणारं खनिज सापडल्याचं जाहीर केलं होतं. अशा पावडरीत वापरलं जाणारं टाल्क आणि ॲस्बेस्टॉस ही दोन्ही खनिजं जमिनीत शेजारी-शेजारी सापडतात, त्यामुळे खाणीतच ती मिसळू शकतात. सगळ्याच डब्यांत असं असतं असं मी म्हणत नाही. पण कुणी बनवलं याचा पत्ता नसलेली स्वस्त पावडर मी मुलीच्या नाकातोंडाजवळ जाऊ देत नाही.

प्रेषक: परभणीकर मावशी

लातूरकर बाई,

परभणीत मी बरीच वर्षं पार्लर चालवलं. आता लेकीकडं आणि इकडं असं येणं-जाणं चालू असतं. सध्या परभणीतच आहे, म्हणून इथलं ऊन अंगावर घेतच लिहायलेय.

मुलीनं तोंडानं मागितलं याचं मला फार बरं वाटलं. या वयाच्या पोरी माझ्याकडं गॅदरिंगच्या आधी यायच्या, आणि कितीतरी जणींचं पहिलं वाक्य "काकू, गोरं करा" हेच असायचं. लिपस्टिक कुठली लावू हे नंतर. पोटात तुटायचं ऐकून. म्हणून सेटमध्ये काय असावं याच्या आधी काय नसावं ते सांगते: रंग उजळ दाखवणारं काहीही नको. फाउंडेशन नको, कॉम्पॅक्ट नको, 'ग्लो' नाहीतर 'व्हाइट' लिहिलेली क्रीम नको. फेअर अँड लव्हलीची २०२० मध्ये ग्लो अँड लव्हली झाली, पण आमच्याकडं बाया ती अजून त्याच आशेनं विकत घेतात. आत्यानं परदेशातून आणलेल्या पहिल्या भेटीत चेहरा झाकायची वस्तू निघाली, तर लेकरू त्यातून काय समजेल? की माझा रंग लपवायचा असतो. हे तिला आपण शिकवायचं नाही.

तसंही तेराव्या वर्षी कातडीवर झाकण्यासारखं काही नसतं. या वयात तेलग्रंथी जोरात कामाला लागतात. वरून जाड थर बसला की छिद्रं बुजतात, पुटकुळ्या वाढतात, मग त्या लपवायला आणखी थर.

आता काय न्यायचं. पहिली वस्तू सनस्क्रीन. तुला वाटेल ही कसली मेकअपमध्ये? पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर जातो आणि पोरी भर दुपारी सायकलवर ट्यूशनला जातात. एसपीएफ ३० किंवा त्याच्या वरचं, जेलसारखं हलकं बघ. झिंकचं पांढरं सनस्क्रीन सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसतं आणि मग पोरगी ते दुसऱ्या दिवसापासून लावतच नाही. हलकी रंगछटा असलेलं मिळतं, त्यात आयर्न ऑक्साइड असतं, ते आपल्या रंगात मिसळून जातं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. नखभर लावून काही होत नाही.

मग ओठांचं. रंगाचा लिपबाम एक, आणि सणावारासाठी खरी लिपस्टिक एक. एकच, पण तिच्या रंगाची. सावळ्या पोरीला विटकरी, मरून, जांभळाकडं झुकणारा, गडद गुलाबी हे रंग काय खुलतात! फिका गुलाबी आणि बिस्किटी रंग मात्र तिच्या ओठांवर खडूसारखे उठतात. तिकडच्या किशोरींच्या सेटमध्ये बहुतेक तेच भरलेले असतात, म्हणून तयार सेट मला पटत नाही. हीच लिपस्टिक बोटावर घेऊन गालावर जराशी पसरली की ब्लशचं काम होतं, वेगळा ब्लश नको.

नेलपॉलिश दे, बिनधास्त दे. या वयात सगळ्यात जास्त आनंद त्याचाच असतो, आणि सुटीत लावून शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री काढता येतं. वहिनीची अटही पाळली जाते.

मस्करा नको. ओला ब्रश बंद नळीत पुन्हा पुन्हा जातो, त्यात जंतू वाढतात, म्हणून तीनेक महिन्यांत ती नळी टाकून द्यायची असते. कोण टाकतं? आणि गॅदरिंगला एकच मस्करा, एकच काजळ, एकच लिपस्टिक सगळ्या वर्गाला फिरते. डोळे येण्याची साथ अशीच पसरते. तिला एवढंच नीट सांग की ओठांची आणि डोळ्यांची वस्तू मैत्रिणीलासुद्धा द्यायची नाही, आणि त्यात कंजूसपणा नाही.

शेवटची वस्तू मेकअप काढायची. सौम्य फेसवॉश, मायसेलर वॉटर (मेकअप पुसायचं पाण्यासारखं द्रव), कापूस. लावलेलं झोपायच्या आधी काढलंच पाहिजे. मोबाइलवर बघून ती रेटिनॉल किंवा ग्लायकोलिक ॲसिडचं सीरम मागेल. ते आपल्या वयाच्या कातडीसाठी असतं, तिच्या कोवळ्या चेहऱ्याची आग होईल.

काजळाचं नांदेडकर डॉक्टरांना विचार.

तुझी,
परभणीकर मावशी

प्रेषक: लातूरकर

मावशी, तुमचं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. 'गोरं करा' ऐकल्यावर ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, भाची दोन-तीन महिन्यांपासून मैत्रिणीनं सांगितलेली एक ट्यूब रात्री लावायलीय, मेडिकलवरून आणलेली. आधी चेहरा खरंच उजळला, म्हणून हिनंही काही म्हटलं नाही. आता उन्हात गेलं की गाल लाल होतात. डॉक्टर, हे काय असेल? ट्यूबवर तीन औषधांची नावं आहेत असं वहिनी म्हणते.

प्रेषक: नांदेडकर (त्वचारोगाचा डॉक्टर)

लातूरकर ताई,

तीन नावं असतील तर बहुधा स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचं मिश्रण. हे औषध आहे, डॉक्टरनं ठराविक डागांसाठी ठराविक दिवस द्यायचं. आपल्याकडं मात्र ते चिठ्ठीशिवाय गोरेपणाची क्रीम म्हणून हातोहात जातं. आधी चेहरा उजळतो, कारण स्टेरॉइड लाली दाबतं आणि हायड्रोक्विनोन रंगद्रव्य कमी करतं. पुढं कातडी पातळ होते, पुरळ येतं, गालावर लव वाढते, ऊन सोसत नाही. लावणं थांबवलं की लाली उसळून येते, मग मुली घाबरून पुन्हा लावतात आणि यातच अडकतात. म्हणून तिला रागावू नका, आणि तुम्ही एप्रिलमध्ये जाईपर्यंत थांबूही नका. याच आठवड्यात लातूरमधल्या त्वचारोगतज्ज्ञांकडं ट्यूब बरोबर घेऊन जायला सांगा. ती कशी बंद करायची ते चेहरा बघून ठरेल.

बिगरनावाच्या गोरेपणाच्या क्रीमचा धोका याहून मोठा. त्यात पारा असू शकतो. पारा मेलॅनिन हे कातडीचं रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो, पण तो कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडावर बसतो. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना अशा क्रीम लावणाऱ्या रुग्णांत मूत्रपिंडाचा आजार आढळला. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर पारा दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. तेव्हा डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत नसेल तर ती घरात आणू नका. बाहेरून आयात होऊन इथं विकल्या जाणाऱ्या मालावर नोंदणी क्रमांकही असावा लागतो.

काजळ: चांगल्या कंपनीची पेन्सिल, तिची एकटीची. सुट्टा सुरमा मुळीच नको. तो बऱ्याचदा गॅलेना या शिशाच्या खनिजाचा असतो, आणि वाढत्या वयात शिसं मेंदूला घातक. अमेरिकेत तर असला सुरमा प्रसाधन म्हणून विकायला परवानगीच नाही. आजीच्या हातचं काजळ मायेचं असतं हे मला मान्य आहे, पण बोटानं डोळ्यात घालण्यातून जंतू जातात.

आणि दोन गोष्टी ज्यांना कुणी मेकअप समजत नाही. टिकली: काही टिकल्यांच्या डिंकात पीटीबीपी नावाचं रसायन असतं, त्यानं कपाळावर टिकलीएवढा पांढरा डाग पडू शकतो. लोक कोड म्हणून घाबरतात, मुलीच्या लग्नाची चर्चा सुरू होते. तिथं खाज सुटली की टिकली त्याच दिवशी बंद. काळी मेंदी: खरी मेंदी काळी नसते, ती लालसर तपकिरी रंगते. मिनिटांत काळी चढणाऱ्या कोनात केस रंगवायचं पीपीडी असतं. त्यानं हातावर फोड येतात, आणि एकदा ॲलर्जी झाली की ती जन्मभर राहते.

नवी वस्तू चेहऱ्यावर लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघायची.

प्रेषक: संभाजीनगरकर

ताई, डॉक्टरांनी लिहिलंय ते आधी करा. भेटीबद्दल माझं एक ऐका. सगळं तिकडून भरून आणू नका. लिपस्टिक तिला घेऊन लातूरच्या गंजगोलाई बाजारातून घ्या, पोरीला मनगटावर रंग लावून बघू द्या, आणि दुकानाबाहेर उजेडात येऊन बघायला सांगा, कारण आतल्या ट्यूबलाइटमध्ये रंग फसवतात. आपल्या कातडीच्या छटा इथल्या कंपन्यांना जास्त कळतात. टाटांनी लॅक्मे सुरू केली ती १९५२ मध्ये. बायकांच्या प्रसाधनावर परकीय चलन जाऊ नये हा त्यामागचा विचार होता. मग आपणच इथल्या मुलीसाठी तिकडून कशाला वाहून आणायचं?

आणि सुटीत तिला अजिंठ्याला घेऊन या, उतरायला आमचं घर आहे. १७ क्रमांकाच्या लेण्यात हातात आरसा घेऊन नटणारी राजकन्या आहे, शेजारी दासी उभ्या. लेण्यांच्या भिंतींवर काळ्या, सावळ्या, गव्हाळ, गोऱ्या सगळ्या वर्णांच्या बायका एकाच मनापासून रंगवलेल्या आहेत. मी मुलांना तिथं नेतो तेव्हा हे मुद्दाम दाखवतो. आपल्याच मातीत दीड हजार वर्षांपूर्वी हे होतं, आणि आपल्या पोरी आज ट्यूब घासतात, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रेषक: लातूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनी तिला घेऊन डॉक्टरांकडं जाऊन आली. ट्यूब तीच निघाली, नांदेडकर डॉक्टर म्हणाले तीच. चेहरा नीट व्हायला काही महिने लागतील. भाची खूप रडली. मी फोन केला तर म्हणाली, "आता तू मेकअप आणणार नाहीस ना?" मी म्हटलं, आणणार. पण मंडळी, आता नेमकं काय आणू?

प्रेषक: नांदेडकर

चेहऱ्यावर फक्त तिच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, तेसुद्धा त्यांना दाखवून. सुगंध असलेलं काही नको. मावशींनी गालावर लिपस्टिक सांगितली आहे, ती सध्या नको. ओठ आणि नखं मोकळी आहेत, तिथं तिला हवे ते रंग लावू दे. फक्त ओल्या नेलपॉलिशचा हात चेहऱ्याला लावायचा नाही, पापण्यांना पुरळ येतं.

प्रेषक: परभणीकर मावशी

मग सोपं झालं. नेलपॉलिशच्या चार बाटल्या, रंग तिलाच विचारून. बिनवासाचा लिपबाम. लिपस्टिक गोलाईत दोघी मिळून घ्या, रेंगाळत घ्या. वस्तू ठेवायला इथल्या बाईकडून शिवून घेतलेला खणाचा बटवा मी लातूरला येणाऱ्याबरोबर पाठवते. नेलपॉलिश काढायचं रिमूव्हर तिकडून आणू नको, त्यातलं ॲसिटोन पेट घेतं, लातूरला कुठल्याही जनरल स्टोअरमध्ये मिळतं. आणि लिपस्टिक घेतलीस की गाडीत ठेवू नको, मेच्या उन्हात तासाभरात वितळते.