मदत हवी आहे: दालचिनी-जायफळाचे क्रेप फाटतात, नाहीतर चिवट होतात

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या फोंड्याची. नणंदेची मुलगी शिकायला फ्रान्सला होती, ती परत आल्यावर चार दिवस आमच्याकडे राहिली आणि एका संध्याकाळी तिने क्रेप केले. कागदासारखे पातळ, कडेला तपकिरी, आत लोण्यात परतलेले सफरचंद, वर दालचिनीचा वास. आमच्या सासूबाई परदेशी पदार्थ म्हटला की नाक मुरडतात. त्यांनी तीन खाल्ले. तेव्हापासून रोज "ते गोडाचे घावन कर गो" चालू आहे. भाची आता बंगळूरला नोकरीत. फोन केला की म्हणते, "मामी, अगं एकदम सोप्पंय." मला सोप्पंय म्हणणाऱ्यांची भीती वाटते.

मी करते ते असे. १ वाटी मैदा, १ अंडे, १ वाटी दूध, २ मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ. दालचिनी, सुंठ, लवंग, जायफळ यांची पूड मिळून १ मोठा चमचा. सगळे मिक्सरला फेस येईपर्यंत फिरवायचे आणि लगेच बिडाच्या तव्यावर. तवा घावनाला तापवतो तसा कडकडीत.

होते काय, तर पीठ पडल्या जागी धरून बसते, पसरतच नाही. उलटायला गेले की मधोमध फाटते. न फाटलेला खाल्ला तर चपलेचा पट्टा. मसाला सगळा तळाशी बसतो, म्हणजे पहिला क्रेप पांढराफटक आणि शेवटचा चिखल, वर कडू. तीनदा करून पाहिले. घावनाला माझा हात चांगला आहे हो, गौरीला घावन-घाटले मीच करते, म्हणून जास्त लागते मनाला.

शिवाय सोमवारी घरात शिवराक (शाकाहारी) असते. अंड्याशिवाय काही जमेल का?

—

जायपत्री

ताई, तुमचा घावनाचा चांगला हातच आडवा येतोय. तांदळाच्या पिठात चिकटपणा नसतो, त्याला जाळी पडायला तवा कडक लागतो. मैद्याचे उलटे. कडक तव्यावर तो पडताक्षणी शिजतो, मग पसरणार कसा? आच मध्यम ठेवा. पाण्याचा थेंब टाकला तर हळू चुरचुरावा, नाचत पळू नये.

आणि बिडाचा तवा उचलून फिरवता येत नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, म्हणजे जिथला हा पदार्थ तिथे, बिडाचीच मोठी सपाट थाळी वापरतात. तिला बिलिग म्हणतात, पण त्यावर पीठ पसरायला रोझेल नावाचे लाकडी दांड्याचे फावडे असते. ते आपल्याकडे नाही. हलका नॉनस्टिक तवा घ्या, एका हाताने पीठ ओता, दुसऱ्याने लगेच तवा गोल फिरवा. जास्तीचे पीठ परत भांड्यात ओतले तरी चालते.

तुमचे पीठही घट्ट आहे. १२५ ग्रॅम मैद्याला २ अंडी, २५० ते ३०० मिली दूध आणि १ मोठा चमचा वितळलेले लोणी घ्या. मिक्सर नको. मैदा जितका घुसळाल तितका चिवट होतो आणि फेसाचे बुडबुडे तव्यावर भोके पाडतात. आधी अंडी आणि थोडे दूध घालून गुठळ्या मोडा, मग बाकीचे दूध. झाकून किमान अर्धा तास ठेवा, तासभर उत्तम. साखर १ लहान चमचाच, बाकी गोड आतल्या सारणात. पिठात साखर जास्त झाली की ती आधी जळते आणि तव्याला धरते.

—

उसगावकर

मसाल्याचे मी सांगतो. १ मोठा चमचा म्हणजे काढाच झाला की! एवढ्या पिठाला सगळे मिळून पाऊण लहान चमचा पुरे. त्यात लवंग नावापुरती. कडूपणा मला लवंगेचा वाटतो.

दालचिनीची पूड दुधात विरघळत नाही, तरंगते नाहीतर बसते. वितळलेल्या लोण्यात मसाला आधी कालवा आणि मग ते पिठात घाला. प्रत्येक क्रेपला पळी तळापर्यंत ढवळून घ्या. त्याहून सोपे म्हणजे दुधात दालचिनीचा तुकडा आणि २ लवंगा घालून गरम करा, झाकून गार होऊ द्या, गाळा. वास येतो, गाळ उरत नाही. सुंठीऐवजी ओले आले घालायचा मोह होईल, पण कोमट दुधात ते पडले की दूध फुटते. जायफळ मात्र शेवटी किसणीवर चार फेरे, ताजेच. फोंड्यात राहून जायफळाची पूड विकत घेत असाल तर तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. (राग मानू नका. आमच्या बागेतलेच झाड आहे, म्हणून बोललो.)

—

शुक्रवारचा बाजार

एक शंका. हा मसाला फ्रेंच आहे का? दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग हे तर अमेरिकेतल्या भोपळ्याच्या 'पाय' (pie) या गोड पदार्थाचे मिश्रण. २००३ मध्ये स्टारबक्सने त्याची कॉफी काढली आणि शरद ऋतू म्हणजे हाच वास असे जगाला वाटू लागले. फ्रान्समध्ये क्रेपचा मोठा दिवस २ फेब्रुवारीला असतो, भर थंडीत. त्या दिवशी एका हातात नाणे धरून क्रेप उडवायची रीत आहे. आपला शरद म्हणजे ऑक्टोबरचा उकाडा, घाम पुसत दालचिनी खायची.

—

जायपत्री

बाजारराव, त्यांचे घावन फाटतेय आणि तुम्ही इतिहास सांगताय.

—

माडाखालची

कुणी बोलले कसे नाही? हे म्हणजे आपले आले बेले! आमच्या शेजारची मावशी (ख्रिस्ती आहे, आमचे जाणे-येणे रोजचे) अगदी असेच करते. मैदा, अंडे आणि दुधाचे पातळ पोळे, आत ओला नारळ आणि माडाचा गूळ, वळकटी करून चहाबरोबर. पोर्तुगीज काळापासून गोव्यात आहे ते. फोंडेकर वहिनी, तुमच्या सासूबाईंना सफरचंदापेक्षा हे आवडेल बघा. त्यात जायफळ किसा, सुंठ चिमूटभर, झाला तुमचा शरद.

मावशीची खूण अशी, की कडा सुटून आपोआप वर वळायला लागल्याशिवाय उलथने लावायचे नाही. दुसरी बाजू जेमतेम अर्धा मिनिट. आणि झालेले पोळे एकावर एक रचून झाकायचे, वाफेने मऊ राहतात.

सोमवारचे विचाराल तर अंड्याशिवाय मैद्याचे होतात, २ चमचे आरारूट घालून. पण ते जाडसर आणि लहानच करायचे, कागदासारखे नाही होत. मी म्हणेन, सोमवारी मैद्याच्या वाटेला जाऊच नका. तुमचे तांदळाचे घावन करा आणि नारळाच्या रसात गूळ, सुंठ, जायफळ घालून बरोबर द्या. हात तुमचा आहेच.

—

धागाकर्ती

शनिवारी केले. पीठ तासभर ठेवले, आच मध्यम, दुधात दालचिनी उकळून गाळली. सगळे मिळून ११ झाले. पहिले दोन कावळ्याला. तिसऱ्यापासून तवा फिरवायची लय सापडली आणि नववा इतका पातळ झाला की नवऱ्याला त्यातून खिडकी दाखवली.

उसगावकर, जायफळ किसले हो, शेजाऱ्यांच्या झाडाचे. पूड टाकून दिली. कडू नाही लागले.

अर्ध्यांत सफरचंद भरले, अर्ध्यांत नारळ-गूळ. सासूबाईंनी सफरचंदाचा अर्धाच खाल्ला आणि नारळाचे तीन. म्हणाल्या, "हे आधीच का नाही केलेस?" सोमवारी घावन आणि रस. मैद्याचा बिनअंड्याचा प्रयोग मीही करून पाहिला, तव्यावरच तीन तुकडे झाले, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आता एवढेच सांगा, घरातला गूळ संपला. माडाचा काळा गूळ, भेसळ नसलेला, कुठे मिळेल? दुकानातला मला उसाचाच वाटतो.

—

शुक्रवारचा बाजार

आता माझा विषय आला! शुक्रवारी सकाळी लवकर म्हापशाला या. गुळाची ढेप हातात घेऊन वास घ्या, धुराचा वास आला पाहिजे. आणि चाखल्याशिवाय पैसे काढू नका.