एसएटीचा १४३० कॉलेजांना पाठवायचा की दाबायचा?
तुमच्या लेकीचे एसएटीत (अमेरिकन कॉलेजांच्या प्रवेशासाठीची परीक्षा) मार्चला मॅथ ७६० आणि रीडिंग-रायटिंग ६५०, ऑगस्टला ७२० आणि ७१०, म्हणजे १४१० आणि १४३०, मग मार्चचा कशाला दाखवायचा असं विचारलंत, पण जी कॉलेजं सुपरस्कोअर करतात तिथे दोन्ही पाठवा की, ते ७६० आणि ७१० उचलून १४७० धरतात, मार्चचा लपवून तुम्ही उगाच ४० पॉइंट घालवताय!

टेस्ट-ऑप्शनल कॉलेजात, म्हणजे जिथे स्कोअर पाठवणं ऐच्छिक असतं तिथे, मात्र जरा डोकं चालवावं लागतं. त्यांच्या कॉमन डेटा सेटमध्ये (कॉलेज स्वतः जाहीर करतं ती आकडेवारी) प्रवेश घेतलेल्या मुलांच्या स्कोअरचे २५ आणि ७५ पर्सेंटाइलचे आकडे असतात, ते बघा, पण लक्षात घ्या की कमी स्कोअरवाले पाठवतच नाहीत त्यामुळे ते आकडे फुगलेले असतात. त्या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात असाल तर मी तरी पाठवेन, खालच्या आकड्यापेक्षा किंचित कमी असला तरी मुलीची शाळा साधी, कमी सोयींची असेल तर पाठवेन. डार्टमथ कॉलेजने २०२४ मध्ये टेस्ट परत सक्तीची केली तेव्हा हेच कारण दिलं होतं, की कमी सोयीच्या घरातली मुलं उपयोगी पडला असता असा स्कोअर लपवत होती.

यूसी बर्कली, यूसीएलए वगैरे कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांना अ‍ॅडमिशनसाठी पाठवून काहीच उपयोग नाही, ते बघतच नाहीत. उलट जॉर्जटाऊन विद्यापीठ जितक्या वेळा परीक्षा दिली त्या सगळ्यांचे स्कोअर मागत आलंय, तिथे निवडायचा प्रश्नच येत नाही.

आणि कॉलेजांना स्कोअर पाठवायला परीक्षेबरोबर मिळणारे ते चार फुकट रिपोर्ट परीक्षेनंतर नऊ दिवसांत वापरावे लागतात, म्हणजे स्कोअर कळायच्या आधीच. ऑप्शनल कॉलेजांवर ते उडवू नका. बरीच कॉलेजं अर्जात स्वतः लिहिलेला स्कोअर चालवून घेतात, ऑफिशियल नंतर, अ‍ॅडमिशन पक्की झाल्यावर.