पाऊस सरताच सुरू होणाऱ्या शिंका आणि डोंगरातली भटकंती

प्रश्न : पायवाट (छत्रपती संभाजीनगर)

आमचा एक छोटा गट रविवारी पहाटे औरंगाबाद लेण्यांच्या मागचा डोंगर, गोगाबाबा टेकडी किंवा सवड असल्यास म्हैसमाळ येथे पायी फिरायला जातो. श्रावणात मला कसलाही त्रास नसतो. मात्र पाऊस ओसरून गवत कमरेइतके वाढले आणि त्यावर तुरे दिसू लागले, की चढाला लागताच एकामागून एक शिंका सुरू होतात, डोळे लाल होऊन खाजतात, टाळूला आतून खाज सुटते आणि दुपारपर्यंत नाक पुरते चोंदते. ताप नसतो, अंगही दुखत नाही. दिवाळीनंतर गवत वाळले की हे सारे हळूहळू थांबते आणि पुढच्या भाद्रपदापर्यंत मी ते विसरूनही जातो. सिटिरिझिनच्या गोळीने शिंका आवरतात, परंतु नंतर कार्यालयात बसल्या जागी डोळे मिटू लागतात. घरच्यांच्या मते डोंगराचा नाद सोडणे हाच उपाय आहे, आणि तेवढा एक सोडून दुसरा कोणताही उपाय करण्याची माझी तयारी आहे. ज्यांना असा त्रास आहे आणि तरीही ज्यांचे फिरणे सुटलेले नाही, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : औषधनिर्माता (जालना)

ताप नसणे, खाज असणे आणि ठरावीक ऋतूतच त्रास होणे या तिन्ही गोष्टी परागकणांच्या ॲलर्जीकडे बोट दाखवतात. निदान डॉक्टरांनीच करावे. मी दुकानात रोज जे पाहतो त्यावरून औषधांबद्दल लिहितो.

गुंगी येत असेल तर फेक्सोफेनाडीन किंवा लोराटाडीन यांविषयी डॉक्टरांना विचारा, कारण त्यांनी झोप येण्याचे प्रमाण सिटिरिझिनपेक्षा कमी असते. फेक्सोफेनाडीन पाण्याबरोबर घ्यावे. मोसंबी, संत्रे किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतल्यास ते शरीरात कमी शोषले जाते. आपल्याकडे मोसंबीच्या रसाचा पेला हातात असणे काही नवलाचे नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

खरा आधार मात्र नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेचा असतो. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचे स्प्रे नाकाच्या आतली सूज उतरवतात आणि चोंदलेल्या नाकावर गोळीपेक्षा अधिक उपयोगी पडतात, परंतु त्यांचा पूर्ण गुण यायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. टेकडीवर शिंका आल्यावर खिशातून काढून एकदाच स्प्रे मारणारा माणूस तिसऱ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून बाटली फेकून देतो. तुमचा त्रास गवताच्या तुऱ्याबरोबर येत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गणपती बसतात त्या सुमारास स्प्रे सुरू करून गवत वाळेपर्यंत रोज घेणे हा योग्य क्रम ठरेल. मारतानाची पद्धतही महत्त्वाची आहे. मान किंचित पुढे झुकवावी, डाव्या हाताने उजव्या आणि उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत स्प्रे मारावा, म्हणजे नळीचे टोक आपोआप मधल्या पडद्यापासून दूर, कानाच्या दिशेने वळते. जोरात हुंगू नये, नाहीतर औषध घशात उतरते. पडद्यावरच फवारा बसत राहिला तर नाकातून रक्त येऊ लागते.

‘स्प्रेची सवय लागते’ ही भीती गिऱ्हाईक रोज बोलून दाखवते. सवय लागते ती वेगळ्या बाटलीची. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब काही मिनिटांत नाक मोकळे करतात, म्हणून लोकांना तेच आवडतात. पण ते तीन ते पाच दिवसांपलीकडे चालू ठेवल्यास औषध उतरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते आणि माणूस त्या बाटलीत अडकतो. दोन्ही औषधे नाकातलीच असल्याने लोक त्यांना एकाच मापाने मोजतात, आणि जे घ्यायचे ते सोडून जे सोडायचे ते घेत बसतात.

फिरून आल्यावर मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास आत चिकटलेले कण निघून जातात. त्यासाठी पाणी उकळून गार केलेलेच हवे. नळाचे, हौदाचे किंवा विहिरीचे पाणी थेट नाकात घेऊ नये.

उत्तर : कुसळी (परभणी)

औषधांचे वर आलेच आहे, मी वनस्पतींकडून पाहतो. लोक ज्या फुलांना दोष देतात ती बहुधा निर्दोष असतात. ज्या फुलावर मधमाशी बसते त्याचे पराग जड व चिकट असतात आणि वाऱ्यावर फारसे दूर जात नाहीत. कुसळी, पवना, मारवेल यांसारख्या गवतांना ना रंग ना गंध, म्हणून त्यांच्यावर कोणी संशय घेत नाही. परंतु त्यांचे परागीभवन वाऱ्यावरच होत असल्याने ती हलके पराग मोठ्या संख्येने हवेत सोडतात. तुऱ्यातून लोंबणारे बारीक पुंकेसर भिंगातून पाहा आणि तुरा काळ्या कागदावर झटका, पिवळसर भुकटी दिसेल.

यावरून वेळ आणि वाट ठरवता येते. पुष्कळ गवते सकाळीच पराग सोडतात, आणि दव सुकून वारा सुटला की ते हवेत पसरतात. तेव्हा या दोन महिन्यांत तुमची पहाटेची फेरी संध्याकाळवर नेऊन पाहा. सर पडून गेल्यावरची हवा बरीच स्वच्छ असते, परंतु वादळी पावसाच्या अगदी सुरुवातीला पराग फुटून त्यांचे अधिक बारीक कण होतात आणि दमेकऱ्यांना ते फार बाधतात, म्हणून आभाळ गडगडत असताना डोंगरावर जाऊ नये. म्हैसमाळचे उघडे गवताळ पठार या काळात टाळून देवगिरीच्या पायऱ्या चढाव्यात किंवा गौताळ्यातील झाडीची वाट धरावी. बसता उठता टोचणारी कुसळे मोज्यांतून घरापर्यंत येतात, तसेच परागही केसांतून आणि कपड्यांतून येतात. म्हणून आल्या आल्या डोक्यावरून आंघोळ करावी आणि ते कपडे पलंगावर टाकू नयेत. कडेने बंद असलेला चष्मा आणि नीट बसणारा एन-९५ मुखपट्टा यांचाही उपयोग होतो, जरी चढावर मुखपट्टा नकोसा वाटतो हे खरे.

गाजरगवताचे प्रकरण वेगळे आहे. भारतात त्याची नोंद पुण्यातून १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि आज आपल्याकडे बांध, पडीक रान, रस्त्याची कड असे कुठलेच ठिकाण त्याने सोडलेले नाही. त्याचे पराग शिंका आणतातच, शिवाय त्यातील पार्थेनिन या द्रव्याने त्वचेवर इसब उठते. पापण्या, मान, कोपराची खोबण अशा जागी खाज येऊन कातडी जाड व काळपट होत असेल, तर ती शिंकांची ॲलर्जी समजून गोळ्या खात बसू नये. तिच्यावर त्या गोळ्यांचा फारसा परिणाम होत नाही, त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. ज्याला असे इसब आहे त्याने गाजरगवत उपटण्याच्या मोहिमेत हातमोजे घालूनही उतरू नये. इतरांनी ते फुलोऱ्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट काढावे. त्याची पाने खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ पासून भारतात सोडला जात आहे आणि परभणीच्या कृषी विद्यापीठानेही तो शेतकऱ्यांना दिलेला आहे. भुंगा पावसाळ्यात काम करतो आणि उन्हाळ्यात जमिनीत दडतो, त्यामुळे एका हंगामात रान साफ होईल अशी अपेक्षा धरू नये.

उत्तर : उदगीरकर

वरील सूचना लातूर-उदगीरकडे अपुऱ्या पडतात, कारण आमच्याकडे त्याच दिवसांत सोयाबीनची मळणी चालते आणि संध्याकाळी शिवारभर भुसकटाची धूळ तरंगत असते. ही धूळ साधी समजू नये. बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात ठरावीक दिवशी दम्याच्या रुग्णांची अचानक रुग्णालयात गर्दी होत असे. शोधाअंती ते बंदरात सोयाबीन उतरवण्याचे दिवस निघाले आणि कोठारावर गाळणी बसवल्यावर साथ थांबली. तेव्हा मळणीयंत्र चालू असेल तिकडच्या वाऱ्याखाली फिरू नये, आणि शिंकांबरोबर छातीत घरघर, रात्रीचा खोकला किंवा चढावर नेहमीपेक्षा अधिक धाप असेल, तर तो दमा आहे की काय हे आधी तपासून घ्यावे. त्यानंतरच किल्ले चढण्याचा विचार करावा.

पायवाट (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांचे मनापासून आभार. छातीत घरघर मला कधी झालेली नाही. एक शंका राहते. माझ्या परिचयातील एका गृहस्थांना ‘हंगामभर चिंता नको’ असे सांगून एक इंजेक्शन दिले गेले आणि त्यांना खरोखर आराम पडला. ते घ्यावे काय? ॲलर्जीची लस म्हणतात ती हीच का?

उत्तर : नाक-कान-घसा (नांदेड)

नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एका टोचणीत हंगाम निभावून नेणारे इंजेक्शन बहुधा दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडचे असते. आराम पडतो हे खरे, परंतु ते संपूर्ण शरीरात भिनते, रक्तातील साखर वाढवू शकते, वारंवार घेतल्यास हाडांवर परिणाम होतो आणि एकदा टोचले की परत काढता येत नाही. परागज्वरासाठी ते घेऊ नये, असेच तज्ज्ञ सांगतात. नाकातील स्प्रेची मात्रा त्या मानाने अत्यल्प असते.

लस म्हणजे इम्युनोथेरपी. प्रथम त्वचेवर टोचून चाचणी करतात, आणि त्याआधी काही दिवस सिटिरिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी निगेटिव्ह येते. चाचणीत जे सापडेल आणि जे तुमच्या त्रासाच्या महिन्यांशी जुळेल, त्याच परागाची वाढती मात्रा साधारण तीन ते पाच वर्षे देतात. टोचल्यावर निदान अर्धा तास दवाखान्यात बसून राहावे लागते, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. वर्षातून दोन महिने त्रास होणाऱ्या आणि स्प्रेने बरे वाटणाऱ्या माणसाला मी इतक्या लांबच्या वाटेला लावणार नाही. येत्या भाद्रपदात स्प्रे वेळेवर सुरू करा आणि कोणत्या दिवशी, कोणत्या वाटेवर किती शिंका आल्या हे डायरीत लिहून ठेवा. त्याने भागले नाही तर ती डायरी घेऊनच चाचणीला जा.