दुचाकी सोडून ट्राइक: ‘तोल जातो’ म्हणून साइड व्हील्स लावावीत का?

चाकोरी (धागाकर्ता)

साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले की घरात एक सल्ला हमखास निघतो: ‘गाडी सोडवत नाही ना? मग साइड व्हील्स (स्कूटरच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंची जादा चाकं) लावून घ्या.’ माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्यांना पाय टेकवताच येत नाही त्यांच्यासाठी ही जोडणी म्हणजे पायच आहेत, तिथे वाद नाही. पण निव्वळ ‘हल्ली तोल जातो’ एवढ्याच कारणाने लावणार असाल तर लावू नका. उभी गाडी पडायची भीती जाते खरी, पण तिच्या जागी चालती गाडी उलटायची भीती येऊन बसते.

दुचाकी झुकते म्हणून वळते. उजवीकडे जायचं असेल तर आपण उजवी मूठ किंचित पुढे रेटतो, गाडी उजवीकडे कलते आणि वळते. हे आपण करतो याचा आपल्याला पत्ताही नसतो, इतकं ते हातात मुरलेलं असतं. साइड व्हील्स लावलेल्या गाडीवर तीच उजवी मूठ पुढे रेटली की पुढचं चाक डावीकडे फिरतं आणि गाडी डावीकडेच जाते. हँडल ‘फिरवायचं’ असतं, रेटायचं नसतं. चाळीस वर्षांचा सराव नेमका इथे आडवा येतो.

दुसरी गोष्ट पायांची. सिग्नलला पाय खाली टाकायची सवय सुटत नाही. मागचं बाजूचं चाक टाचेच्या बरोबर मागे असतं. गाडी सरकत असताना पाय टेकवला तर ते चाक टाचेवर चढतं.

तिसरी, डाव्या कडेचा उतार. दुचाकीला रस्त्याच्या उताराशी देणंघेणं नसतं. ही गाडी उताराबरोबर कलते आणि सतत गटाराकडे ओढते, त्यामुळे हँडल कायम किंचित उजवीकडे धरून ठेवावं लागतं. ज्यांचे खांदे दुखतात त्यांनी याचा विचार करावा.

स्पॅनर_१३

मुद्दे बरोबर आहेत, पण निष्कर्ष पटला नाही. तुम्ही दोष जोडणीला देताय, तो बहुतेक वेळा बसवणाऱ्याचा असतो.

मुळात याला ट्राइक, म्हणजे तीनचाकी, म्हणणंच चुकीचं. पुढे एक, मागे मधलं मूळ चाक आणि बाजूला दोन, अशी चार चाकं जमिनीला टेकतात. इंजिनाची ताकद मात्र फक्त मधल्या चाकाला जाते. सगळी भानगड तिथेच आहे. बाजूची चाकं ताठ बसवली तर खड्ड्यावरून किंवा सोसायटीच्या रॅम्पवर जाताना गाडी त्या दोन चाकांवर तोलली जाते आणि मधलं चाक अधांतरी फिरतं. इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही. चाक पुन्हा जमिनीला लागलं की बेल्टला झटका बसतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. दोन्ही बाजूच्या चाकांखाली दोन-दोन इंचांच्या लाकडी फळ्या ठेवा, इंजिन बंद ठेवा आणि मधलं चाक हाताने फिरवून बघा. स्कूटरचा क्लच इंजिन बंद असताना सुटलेलाच असतो. त्यामुळे चाक सहज फिरलं तर त्याच्यावर वजनच नाही, जोडणी परत पाठवा.

आणखी बारकाईने बघायचं असेल तर घरातला वजनकाटा घ्या. तो मधल्या चाकाखाली ठेवा आणि बाकीच्या तिन्ही चाकांखाली त्याच उंचीचा प्लायवूड. माणूस सीटवर बसवा आणि आकडा वाचा. मग काटा एकेका बाजूच्या चाकाखाली. गाडी साधारण १०६ किलो, जोडणी ३० आणि माणूस ७० धरला तर २०६ किलो होतात. त्यातले सुमारे १२५ मागे येतात. यातले ७० तरी मधल्या चाकावर हवेत आणि उरलेले दोन बाजूंना सारखे. डाव्या-उजव्या आकड्यांत चार-पाच किलोंपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंगची प्रीलोड (आधीचा दाब) जमवून घ्या.

वेल्डिंगबद्दलही सांगतो. मूळ चासीला वेल्ड मारू देऊ नका. ब्रॅकेट क्लॅम्प आणि बोल्टवरच बसलं पाहिजे, नट नायलॉकचे (नायलॉनच्या कड्यामुळे सैल न पडणारे). पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे. ब्रॅकेटवर काही वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरीची टर्मिनल्स काढा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, आहे, तो उडाला तर जोडणीपेक्षा महाग पडेल.

घाटमाथा

स्पॅनर साहेब, जोडणी कितीही उत्तम बसवा, भूमिती बदलत नाही. आकडेमोड करून दाखवतो.

स्कूटरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १२६० मिमी. बाजूच्या चाकांमधलं अंतर ९०० मिमी, म्हणजे मध्यापासून ४५०. माणसासकट गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या ५०० मिमी पुढे आणि जमिनीपासून ६०० मिमी वर धरू. गाडी उलटते ती पुढच्या चाकापासून बाहेरच्या बाजूच्या चाकापर्यंत ओढलेल्या रेषेवरून. गुरुत्वमध्यापासून त्या रेषेचं अंतर ४५० नाही, जेमतेम २५५ मिमी भरतं, कारण पुढे सरकावं तसा त्रिकोण निमुळता होत जातो. २५५ भागिले ६०० म्हणजे ०.४३ जी, म्हणजे बाजूला ढकलणारा जोर वजनाच्या ०.४३ पट झाला की गाडी उलटते. १० मीटर त्रिज्येच्या वळणावर ही मर्यादा २३ किमी वेगाला येते. दुचाकीवर तेच वळण त्याच वेगाने २३ अंश झुकून आरामात निघतं.

पुढचं तर आणखी वाईट आहे. वळणात घाबरून ब्रेक दाबला, समजा ०.३ जी, तर वजन पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे सरकतं. मर्यादा २३ वरून २० किमीवर उतरते. भीती वाटली की माणूस ब्रेकच दाबतो आणि ही गाडी नेमक्या त्याच क्षणी एक बाजू उचलते.

स्पॅनर_१३

मग चाकं आणखी लांब बसवायची. पर्याय आहे की.

घाटमाथा

दोन्ही बाजूंना १०-१० सेंटिमीटर वाढवा. २३ चे २५ होतात, बस. आणि गाडी ११०० मिमी रुंद झाली की सोसायटीच्या गेटमधल्या फटीतून जाणार नाही. उलट वळताना सगळं अंग आतल्या बाजूला १५ सेंटिमीटर सरकवलं, तर ७० किलोंचा माणूस एकूण गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर आत नेतो. तेवढाच फायदा, फुकटात. पण ते करायला कंबर आणि मांड्या साथ द्यायला हव्यात.

कुबडी_स्टँड

दोघांचं गणित चालू द्या, पण ‘गरज असेल त्यांनीच लावा’ हे वाक्य जरा तपासा. गरज कोण ठरवणार? पोलिओ झालेला पाय दिसतो, गुडघ्याची झीज दिसत नाही. चक्कर येणं दिसत नाही. पार्किन्सन्सची सुरुवात तर घरच्यांनाही दिसत नाही.

वेगाचा मुद्दा मान्य, पण ही गाडी बहुतेक जण घर, बाजार, बँक, दवाखाना एवढ्यासाठीच चालवतात. वळणाआधी वेग १५ वर आणायचा, एवढा एक नियम पाळला की तुमची २३ ची मर्यादा लांब राहते. दुचाकीवर असा कुठला नियम आहे जो पाळला की उभी गाडी पडणारच नाही?

कायद्याचं इथे कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जुन्या ‘इन्व्हॅलिड कॅरेज’च्या जागी ‘अडॅप्टेड व्हेइकल’ आलं. शारीरिक दोष किंवा अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी बनवलेली किंवा बदललेली आणि फक्त तिच्यासाठीच वापरली जाणारी गाडी, असा त्याचा अर्थ. कलम ५२(२) प्रमाणे असा बदल आधी करून मग नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घेता येते, पण बदल केल्यापासून १४ दिवसांत आरसीसकट आरटीओला कळवावं लागतं. लायसन्सवरही ‘अडॅप्टेड व्हेइकल’ हा वेगळा वर्ग असतो. जुन्या ‘गिअरलेस’ लायसन्सवर भागतं असं समजू नका.

चाकोरी

हेच तर माझ्या बाजूचं झालं! व्याख्येतच ‘शारीरिक दोष किंवा अपंगत्व’ आहे. वय झालं, आत्मविश्वास कमी झाला, हे त्यात बसत नाही. मग तो बदल साध्या कलम ५२(१) खाली येतो, म्हणजे उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी. कलम १८२अ(४) खाली अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार.

कुबडी_स्टँड

व्याख्या नीट वाचा. त्यात ४० टक्के अपंगत्व अशी अट नाही. ४० टक्क्यांची रेघ दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधली, ती सवलतींसाठी. गुडघा बदललेल्या माणसाला अस्थिरोगतज्ज्ञाने ‘पायावर एकाएकी भार घेता येत नाही’ असं लेखी दिलं तर तो शारीरिक दोषच आहे. कागद करायचा आळस असेल तर दोष कायद्याला देऊ नका. आणि विमा कंपनीला आधी कळवलं, आरसीवर नोंद असली, तर मोटार विमा दरपत्रकातल्या आयएमटी-१२ या कलमाखाली गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही. ही सूट मागणारेच कमी.

बे_एरिया

कॅलिफोर्नियातून लिहितोय. इकडे याच वादाचं वेगळं रूप दिसतं. वय झालेले रायडर होंडाच्या गोल्ड विंग मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथे डिफरेन्शिअलसकट (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) अख्खा अ‍ॅक्सल बसवतात, किंवा २००९ पासून हार्लेची कारखान्यातून येणारी ट्राय ग्लाइड घेतात. हे खरे ट्राइक. दोन्ही मागची चाकं इंजिनाला जोडलेली आणि दोन्हींना ब्रेक. मधलं चाक अधांतरी राहायचा प्रश्नच येत नाही.

पण मूळ मोटरसायकलचं पुढचं फोर्क तसंच ठेवलं तर हँडल इतकं जड होतं की तासाभरात मनगटं भरून येतात. म्हणून रूपांतर करताना ट्रिपल ट्री (फोर्क धरून ठेवणारा वरचा सांगाडा) बदलून ट्रेल, म्हणजे हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला जिथे लागते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर, कमी करतात. दुचाकीला सरळ चालण्यासाठी जी ट्रेल लागते ती ट्राइकला नको असते. तुमच्या साइड व्हीलच्या स्कूटरवर हा उद्योग कोणी करत नाही. स्कूटर हलकी म्हणून निभावतं.

दुसरा प्रकार पुढे दोन चाकांचा, कॅन-अ‍ॅम स्पायडर, २००७ पासून. घाटमाथांनी सांगितलेला ब्रेकचा घोळ इथे उलटा होतो: वळणात ब्रेक दाबला की वजन रुंद बाजूकडे जातं आणि गाडी आणखी घट्ट बसते. तिसरा प्रकार पिआजो एमपी-३ किंवा यामाहा निकेनसारखा, पुढची दोन चाकं दुचाकीसारखी झुकणारी. मुरलेल्या हातांना हाच मानवतो, पण निकेन थांबल्यावर आपोआप उभी राहत नाही, पाय टेकवावाच लागतो. एमपी-३ ला पुढची झुकण कुलूपबंद करता येते.

कॅलिफोर्नियात तीनचाकीला मोटरसायकलचं लायसन्स लागत नाही, कारचं चालतं. मला विचाराल तर हे चूक आहे.

स्पॅनर_१३

छान, पण धाग्यावरच्या माणसाला आठवड्याची भाजी आणायची आहे, ट्राय ग्लाइड घेऊन तो मंडईत जाणार नाही :)

कामाचं सांगतो. जोडणी घेताना चार गोष्टी बघा. बाजूच्या चाकांना ब्रेक नसतो, म्हणजे ३० किलो वाढले पण ब्रेक तेवढाच राहिला. मागच्या ब्रेक शूचं जाडपण दर ३००० किमीला बघायचं. संरेखन दोरीने तपासायचं: मधल्या चाकाला समांतर दोरी ताणा, बाजूच्या चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. दोन-तीन मिमीहून जास्त फरक असेल तर टायर घासत चालेल आणि हात फिरवल्यावर एका दिशेने करवतीसारखं लागेल. हवा मधल्या चाकात गाडीच्या स्टिकरप्रमाणे, बाजूच्या दोघांत एकमेकांसारखी. आणि साइड स्टँडला इंजिन-कट असलेलं मॉडेल असेल तर ब्रॅकेट बसवताना स्टँड काढून टाकला की स्विच भलत्या स्थितीत अडकतो, गाडी सुरूच होत नाही. फिटर मग स्विचच्या वायरी पिळून जोडतो, पावसाळ्यात तिथे पाणी शिरतं. सांधा सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक घाला.

चाकोरी

एवढं सगळं करूनही स्पीडब्रेकरचं काय? दुचाकीवाला कडेच्या फटीतून जातो. इथे एक चाक ब्रेकरवर आणि दुसरं फटीत, म्हणजे गाडी तिरकी.

घाटमाथा

फट विसरायची. काटकोनात, सरळ, चालण्याच्या वेगाने. तिरकं घेतलं की आधी एक बाजू चढते, आणि त्याच क्षणी हँडल वळलेलं असेल तर तुमच्या ०.४३ मधला मोठा भाग नुसत्या तिरकेपणातच संपतो.

कुबडी_स्टँड

उतारावर उभी करण्याचं राहिलं. स्कूटरला गिअर नाही, मेन स्टँड या जोडणीत बहुधा निकामी होतो, आणि चार चाकांवरची गाडी हातगाडीसारखी घरंगळते. डाव्या ब्रेक लिव्हरला लॉक क्लिप असेल तर ती वापरा, नसेल तर बसवून घ्या. रबरबँड गुंडाळून ठेवू नका, उन्हात तो सैल पडतो. रिव्हर्स हवा असेल तर तो काही इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये मिळतो, पण जोडणी करताना बॅटरीच्या खोक्याला ब्रॅकेट टेकणार नाही हे आधी खाली वाकून बघा.

स्पॅनर_१३

क्लिपमध्ये दात किती आहेत तेही बघा. एकच दात असेल तर ब्रेकची केबल ताणल्यावर तो पुरत नाही. दोन-तीन दातांची घ्या, आणि केबल अ‍ॅडजस्ट केली की क्लिप पुन्हा लावून उतारावर ढकलून बघा.